लंबूच्या पुढे धावणारा

मैदानावर चोवीस मुलं होती: बारा वर्षांची आठ, चौदाची आठ आणि सोळाची आठ. सहा नारिंगी शंकू नागमोडी रांगेत मांडले होते. रांगेच्या दोन्ही टोकांना दोन-दोन खांबांचं एकेक फाटक होतं. खांबांमधून न दिसणारा किरण जायचा आणि तो तुटला की घड्याळ टीं करायचं. निघताना एक टीं, पोहोचल्यावर एक टीं. उरलेलं सगळं धुकं होतं. ते मोजता येत नाही याचं मोजणीताईला मनापासून वाईट वाटत होतं.

मोजणीताई हे नाव मुलांनी ठेवलेलं. शरीरविज्ञान शिकून नुकतीच बाहेर पडलेली ही मुलगी क्लबातल्या सगळ्यांची उंची, वेग आणि वळण्यातली चपळाई मोजायची. रविवारच्या फुटबॉल सामन्याला पंधराखालच्या संघात एकच जागा उरली होती आणि त्या जागेसाठी दोघं उभे होते. एक बारा वर्षांचा चिमणा, दुसरा मोजणीताईचाच चौदा वर्षांचा भाऊ, लंबू.

लंबू वर्षभरात अकरा सेंटीमीटर वाढला होता. घरातल्या चौकटी त्याच्या कपाळाला भेटायला येत होत्या. "हा चालतो की सांडतो?" असं आई रोज विचारायची. त्याने फुटबॉल सोडून दुसरं काही करावं, असं घरात सगळ्यांना वाटायचं. त्याला स्वतःला तेवढं वाटत नव्हतं.

"हे बघ मोजणीताई, भाऊबिऊ मला कळत नाही," संघाचे प्रशिक्षक, सर, म्हणाले. "गेल्या वर्षी याने आठ पॉइंट एक्कावन्न सेकंद काढले होते. आज त्याच्या आत आला तर संघात, नाहीतर घरी. चिमण्याला शर्ट मोठा होईल, पण खोचता येतो."

"ताई, मी पडलो तर?" लंबूने हळूच विचारलं.

"तर पडायला किती वेळ लागला तेही मोजेन. जा."

लंबू धुक्यात पलीकडच्या टोकाला गेला. बाकी सगळे शेवटच्या फाटकापाशी थांबले. टीं. धावण्याचा आवाज जवळ येऊ लागला. मग शेवटचं फाटक वाजलं: टीं. ताईने घड्याळ पाहिलं. ८.५१. तिने मान वर केली. फाटकात कोणीच नव्हतं. फाटकापलीकडचं गवत तेवढं एका रेषेत वाकलं आणि पुन्हा सरळ झालं.

त्यानंतर लंबू धुक्यातून बाहेर आला, दोन्ही हात दोन दिशांना फेकत. टीं. ९.४७.

"दोनदा वाजलं," चिमणा म्हणाला.

"ओल धरली असेल यंत्राने," सर म्हणाले. "पुन्हा."

पुन्हा तेच झालं. ताईने भिंगं पुसली, खांबांची अदलाबदल केली, हात पुढे जाऊन किरण तोडत असतील म्हणून लंबूला हात मागे बांधून धावायला लावलं. लंबू पडला. तो पडलेला असतानाच फाटक वाजलं. ८.५१.

मग दवावर पावलं दिसली. लंबूच्या भल्यामोठ्या ठशांच्या आत दुसरे ठसे होते, दोन नंबर लहान बुटांचे.

सगळ्यांनी चिमण्याकडे पाहिलं. लंबूचे जुने बूट आता चिमण्याच्याच पायात होते.

"मी तर इथे केळं खात होतो!" चिमणा रडकुंडीला आला. "सगळ्यांसमोर खात होतो!"

त्याचे बूट काढून बाकावर ठेवले. त्यांच्यावर दोन मुलं बसवली. लंबू धावला. ठसे उमटले.

ताईने मग सगळ्यांनाच धावायला लावलं. बारा वर्षांच्या पोरांना शेवटच्या फाटकात एकच टीं. सोळाच्यांनाही एकच. चौदाच्यांपैकी आणखी दोघांना मात्र दोनदा, आणि ते दोघेही अलीकडे झपकन उंच झालेले.

"मलाही होता एक," सोळा वर्षांचा गोलकीपर म्हणाला. "पुढे पुढे पळायचा. आईला सांगितलं तर तिने माझे डोळे तपासून आणले."

"मग?"

"मग एके दिवशी मी त्याला गाठलं."

"आणि तो?"

गोलकीपरने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. "मी मागे वळून नाही पाहिलं."

आता मुलं एकमेकांना चिकटून उभी राहिली. एकाने घरी जायचं म्हटलं, तसं आठ जणांना घरी जायचं झालं. सर चिडले. "मशीन बिघडलंय, आणि तुम्ही भुतंखेतं काढताय! थांबा, मीच धावून दाखवतो." सर तरुणपणी विंगला खेळायचे. आता त्यांच्या आधी त्यांचं पोट पोहोचायचं.

टीं. सरांचा श्वास पहिल्या शंकूपाशीच ऐकू येऊ लागला. टीं, शेवटचं फाटक वाजलं. ७.२२. मग बराच वेळ फक्त तो श्वास होता. अखेर सर आले. १४.९०.

"किती आले?"

"कोणते सांगू, सर?"

सर वाकून गवत पाहत होते. "डावा पाय जरा आत पडायचा त्याचा," ते म्हणाले. "बघ, पडलाय." मग धुक्याकडे बघत त्यांनी विचारलं, "कुठे गेला?"

"फाटकातून पुढे."

"हं." सर बाकावर बसले, चिमण्याच्या बुटांशेजारी. "नियम तोच. पण लंबूला आणखी एकदा धावू दे."

ताई ओळीने सगळे ठसे पाहत गेली. दोन शंकूंमध्ये लहान ठसे पाच होते, आणि लंबूचेही बरोबर पाच, प्रत्येक लहान ठशावर एकेक पडलेला.

"तू तो टाकतो तिथेच पाय टाकतोस," ती म्हणाली.

"मग कुठे टाकू? वाट त्यालाच माहितीये."

"त्याला पाच पावलं लागतात, तुला चार पुरतील. आणि वळताना जरा खाली बस, खांबासारखा उभा राहू नकोस."

"आणि तो मध्ये आला तर?"

याचं उत्तर ताईने कुठे वाचलेलं नव्हतं. "बाजूने जा. सॉरी म्हण."

लंबू धुक्यात गेला. टीं. पावलं वाजू लागली, आधी दाट, मग एक जोडी सुटी सुटी होत गेली. चौथ्या शंकूच्या आसपास धुक्यातून लंबूचा आवाज आला, "सॉरी हं."

तो बाहेर आला तेव्हा त्याच्यापुढे काहीही वाकत नव्हतं. तो फाटकातून गेला, गुडघ्यांवर हात टेकून थांबला. त्याने मागे पाहिलं नाही.

घड्याळावर ८.४३ होते. फाटकाजवळून कोणीच हललं नाही.

टीं. ८.५१.