माणसं : दोन

परांजपे डॉक्टरांनी मला फसवलं. समुद्रात एकट्यानं कयाक, ती वल्ह्याची चिंचोळी होडी, घालायची नाही हा त्यांचाच नियम, आणि गेल्या मे महिन्यात मला झोपेत ठेवून ते एकटेच गेले.

डॉक्टर ग्लासगोचे, रिटायर्ड. माझं लंडनजवळ स्लाऊला वेअरहाऊस आहे, शून्यातून उभं केलेलं. काऊन्सिलपासून लॉरीवाल्यांपर्यंत मी कुणाचं ऐकून घेत नाही. पण स्कॉटलंडच्या त्या लॉखमध्ये, डोंगरांत घुसलेल्या समुद्रात, डॉक्टरांच्या दोन सीटच्या कयाकमध्ये पुढं बसलो की माझा शाळकरी पोरगा व्हायचा.

"देशमुख, वल्हं आहे ते, झाडू नाही!"

"डॉक्टर, बेट समोर दिसतंय. दहा मिनिटं."

"ओहोटीबाई निघाल्यात. त्यांच्याशी घासाघीस चालत नाही. वळवा!"

हा माणूस पाण्याला अहो-जाहो करायचा आणि मला झाडूवाला म्हणायचा. खडकावरच्या सीलला मान लववून नमस्कार. निघण्याआधी, आम्ही उतरायचो त्या कॉटेजच्या मालकिणीकडे चिठ्ठी द्यायची: कुठं, परत कधी, कयाकचा रंग, माणसं किती. "कशाला ही नाटकं?" असं मी एकदा म्हटलं, तर दिवसभर अबोला.

मेमधल्या त्या सकाळी उठलो तर चिठ्ठी माझ्या कपाखाली होती. 'बेटाला वळसा. परत दोन वाजता. कयाक लाल. माणसं : दोन.' खाली नावं. एक त्यांचं, दुसरं सुधाताईंचं. त्यांच्या बायकोचं. सुधाताई जाऊन तीन वर्षं झाली.

तीन वाजले, वारा सुटला, पाण्यावर कुणी नाही. कोस्टगार्डला फोन लावला. पलीकडच्या बाईनं विचारलं, बोटीत किती जण? चिठ्ठी माझ्या हातात. आयुष्यात आकडा सांगताना मी कधी अडखळलो नव्हतो.

"वन," म्हणालो. "ओन्ली वन."

शोधायला बोट निघायच्या आत डॉक्टर स्वतःच आले, गुडघ्यापर्यंत चिखल. मी किनाऱ्यावरच तोंड सोडलं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग हळूच विचारलं, "कोस्टगार्डला माणसं किती सांगितलीत?"

"एक."

"बरोबर आहे," म्हणाले, आणि बुटाची नाडी सोडत बसले. सुटलेलीच होती ती.

माझा राग अजून गेलेला नाही. डॉक्टर, दोन उन्हाळे मी त्या पुढच्या सीटवर बसलो. ती कुणाची, एका शब्दानं सांगितलं नाहीत. मला उठवलं का नाहीत? आणि तो 'एक' माझ्याच तोंडून का वदवून घेतलात? उत्तर द्या.