नऊ भिक्खू, एक दोरा आणि माझा घोटा

या वेळी मी उठणार नव्हतेच! चोम्पूताईच्या नव्या पार्लरच्या उद्घाटनाला नऊ भिक्खू येणार, पाऊण तास मंगलपाठ चालणार, आणि मी पहिल्या रांगेत, पाय मागे दुमडून, दगडासारखी बसणार. पैज लावायची तर लावा!

कारण आधीचं माहितीये ना? ताईच्या लग्नात जोडप्याच्या हातांवर पाणी सोडायची वेळ आली, तेव्हा मी संडासात. बाबांच्या चितेवर, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, शेवटचं लाकडी फूल ठेवायचं होतं, तेव्हाही मी... बरोब्बर, तिथेच! दोन वर्षं झाली, लघवीच्या पिशवीत कुणी उखळ मांडून मिरच्या कांडतंय असं दुखतं. आणि रिपोर्ट? सगळे नॉर्मल! इतके नॉर्मल की फ्रेम करून भिंतीवर लावावेत.

ताईनं बजावलं होतं, "फांग, या वेळी उठलीस तर मला ताई म्हणू नकोस. खरंच सांगतेय."

म्हणून तर डॉक्टरांनी सुचवलेलं ते मशीन! मुठीएवढी डबी, दोन पांढऱ्या वायरी, टोकाला दोन चिकटपट्ट्या. एक पट्टी घोट्याच्या आतल्या बाजूला, दुसरी चार बोटं वर. बटण दाबलं की हलका करंट येतो नि पायाचा अंगठा टुकटुक उडतो. घोट्याची नस वर पिशवीला निरोप धाडते म्हणे, की बाई, गप्प बस.

आई म्हणाली, "दुखतंय ओटीपोटात, नि इलाज पायाला? उद्या डोकं दुखलं तर चपला डोक्यावर घेशील!"

मी लक्षच दिलं नाही. स्कर्टखाली डबी लावली नि बसले. बुद्धमूर्तीपासून निघालेला पांढरा सुती दोरा नऊही भिक्खूंच्या हातांतून जाऊन अख्ख्या पार्लरला वेढा घालून आला होता. पाठ सुरू झाला. दहा मिनिटं... पंधरा... मी जागेवर! ताईनं वळून चक्क हसून पाहिलं.

आणि मागून लमाय मावशीची कुजबूज. मावशीचा चष्मा नेहमीप्रमाणे घरी!

"अगंबाई! पवित्र दोरा खाली लोळतोय! पायाखाली येईल ना कुणाच्या!"

तिनं स्कर्टाबाहेर आलेल्या माझ्या वायरीच ओढल्या! चर्रर्! पट्ट्या सुटल्या, डबीही तिच्या मांडीवर. मावशीनं डबीसकट दोन्ही पट्ट्या भक्तिभावानं तळहातांमध्ये धरून हात जोडले, नि अंगठा पडला नेमका बटणावर.

"आली! शक्ती आली! बोटं बघा गं माझी, आपोआप हलतायत!"

"मावशी, ते माझं आहे!" मी दात-ओठ खात पुटपुटले.

"पुण्य सगळ्यांचं असतं. इतकी आपमतलबी कधी झालीस गं?"

"इकडे द्या ना मावशी, माझा गुडघा धरलाय," शेजारच्या बाई म्हणाल्या. झालं! मागच्या दोन रांगांत धक्काबुक्की. थोरल्या भिक्खूंनी एक डोळा उघडला, आमच्याकडे पाहिलं, नि मिटून घेतला.

तोवर माझ्या पिशवीत उखळ सुरू! एक मिनिट सोसलं. दोन सोसली. तिसऱ्याला डोळ्यांपुढे नऊचे अठरा भिक्खू दिसायला लागले. मी उठलेच.

पण संडासाच्या वाटेवर गुडघाभर उंचीवर तो दोरा! ओलांडायचा कसा? पाप! तोडायचा? पार्लर पहिल्याच दिवशी बुडायचं! मग काय, रेशमी स्कर्टात, नऊ भिक्खूंसमोर, घोरपडीसारखी सरपटत दोऱ्याखालून गेले. ताई बघत होती. ती हसत नव्हती.

आणि एवढं करून आत काय? चार थेंब! मोजून चार! मी तिथेच बसून रडले. बाहेर पाठ संपला, तीर्थ शिंपडून झालं.

दारावर टकटक झाली. "फांग? मी आहे."

"तुला ताई म्हणायचं नाही ना मी?"

"गप गं. फार दुखतंय का?"

"...हो."

"मग त्या मशीनचा उपयोग काय?"

"डॉक्टर म्हणालेत, फरक पडायला बारा आठवडे लागतात."

"मग कितवा चालू आहे?"

मी नाक पुसलं. आज गुरुवार होता.

"मंगळवारी आणलंय."

बाहेरून दारावर कपाळ आपटल्याचा आवाज आला. मग ताई हळूच म्हणाली, "मावशी ते घेऊन गेली गं. उद्या देवळात सगळ्यांना दाखवणारे."