सुनेला लागलेली नोकरी

गावातल्या लालबाग भागातल्या नव्या साडी शोरूममध्ये अनुभवी बाई पाहिजे असं कळलं आणि वैजयंतीबाई सुनेच्या स्कुटीवर मागे बसून तडक मुलाखतीला पोहोचल्या. वय त्रेपन्न. अर्धं आयुष्य साड्यांच्या दुकानात गेलेलं. ते दुकान दिवाळीनंतर बंद पडलं, तेव्हापासून घरात बसून त्यांना अन्न गोड लागेना.

शोरूमचा मॅनेजर तुषार जेमतेम पंचविशीचा. त्याने बाईंना पाहिलं, खुर्चीतून उठला आणि वाकून चक्क पाया पडला.

"बसा ना, आंटी. एसी कमी करू? चाय घ्याल? शुगर-बिगर नाही ना?"

वैजयंतीबाई सुखावल्या. इतका मान जुन्या शेठनेही कधी दिला नव्हता. काम झालंच, असं त्यांना वाटलं.

तोवर तुषार सुनेकडे वळला होता. "मॅडम, याआधी कुठे काम केलं?"

"मी? कुठेच नाही," भूमिका गडबडली. "मी तर आईंना सोडायला आले."

"काही टेन्शन नाही. आम्ही ट्रेनिंग देतो."

"ओ भाऊ," वैजयंतीबाई म्हणाल्या, "नौकरी मले पाहिजे."

तुषार मनापासून हसला. "आंटी, मजाक नका करू!"

"मजाक कशाचा? तुमाले अनुभव पाहिजे ना?"

"अनुभव पाहिजे, पण उमर तीसच्या आत. ऊपरून ऑर्डर आहे."

"मंग मी काय पाळण्यातून साड्या इकायच्या होत्या?"

"आंटी, दिवसभर उभं राहावं लागतं. तुम्हाला चक्कर-बिक्कर आली तर मला पाप लागेल." आणि तो पुन्हा पाया पडला.

पाया पडणाऱ्याशी भांडायचं कसं, हे वैजयंतीबाईंना उमगेना.

"पण माझा मुलगा दोन वर्षांचा आहे," भूमिका चाचरत म्हणाली.

"त्यात काय? आंटी आहेत ना घरी!"

वैजयंतीबाईंचा चहाचा कप ओठांशीच थांबला. नोकरी मागायला आपण आलो, ती सुनेला लागली आणि आपण आया झालो!

घरी येईपर्यंत त्यांच्या मनात वाक्यांची जुळवाजुळव चालू होती. साफ सांगायचं, 'पोरगं सांभाळणं मले जमायचं नाही. मी काही रिकामी नाही.' दोनदा घोकून त्या स्वयंपाकघराकडे निघाल्या.

आत भूमिका नवऱ्याशी, किरणशी, फोनवर बोलत होती. "नाही हो, आईंवर कुठे टाकता? गोलू किती पळतो! त्यांचं वय झालं आता, त्यांना नाही झेपणार. तरुण बाईच ठेवू. शेजारणीने एक सुचवलीय."

वैजयंतीबाई दारातच खिळल्या. जे काम त्या नाकारायला निघाल्या होत्या, त्यालाही त्यांना कुणी घेत नव्हतं!

"काय झालं, आई?" फोन ठेवत भूमिकाने विचारलं.

"बाई कधी येणार हाय?"

"उद्या सकाळी, जवळच्या बहादरपूर गावाहून येतेय भेटायला. का?"

वैजयंतीबाईंनी पदर खोचला.

"तिच्या आधी माझी मुलाखत घे."