आठ कार्डांची गैरहजेरी

जे दिसत नाही ते नसते, या एका तत्त्वावर जगातल्या सगळ्या जबाबदार संस्था उभ्या आहेत. सामान्य लोक याला दृष्टीआड सृष्टी म्हणतात. आम्ही त्याला अहवाल म्हणतो.

आमची प्रयोगशाळा पूल तपासते. रीत सोपी आहे. पुलाखाली सेन्सर चिकटवायचे आणि त्यांच्या तारा एका लोखंडी पेटीत आणायच्या. पेटीत आठ खण, प्रत्येक खणात एक कार्ड. पूल हलला की कार्ड ते टिपते आणि संगणकाला कळवते, संगणक पडद्यावर रेघ काढतो. रेघ नागमोडी आली तर पूल हलतो, सरळ आली तर पूल भक्कम. यात घोळ घालण्यासारखे काहीही नाही, म्हणूनच तो घालायला समिती नेमावी लागली (सचिव : मी).

झाले असे, की आमच्या खिडकीसमोरच्या नव्या पादचारी पुलाची तपासणी ज्या दिवशी सुरू झाली, त्याच दिवशी संगणकाने पडद्यावर लाल अक्षरांत जाहीर केले, ‘एकही कार्ड सापडले नाही.’ त्याखाली त्याने शून्यावर एक सरळ रेघही काढून दाखवली. कार्डे खणांत बसलेली आम्हा सगळ्यांना दिसत होती. पण नुसत्या डोळ्यांनी पाहिलेले आमच्याकडे ग्राह्य धरत नाहीत.

समितीने एकोणीस दिवस अविश्रांत काम केले. कार्डे काढून, फुंकर मारून परत बसवण्याचे प्रयोग दोनशे बारा झाले. त्यांतले यशस्वी शून्य (मात्र पेटी पूर्वीपेक्षा स्वच्छ झाली, यावर सर्व सदस्यांचे एकमत). पहिल्या खणातले कार्ड आठव्यात आणि आठव्यातले पहिल्यात घालून पाहिले. तार बदलली. तार बदलली ती चूक होती असे ठरल्यावर जुनी तार परत लावली. एका सदस्याने पेटीला हलकेच चापट मारून पाहिली. इतिवृत्तात तिची नोंद ‘यांत्रिक उत्तेजन’ अशी आहे.

आमच्याकडे एक तंत्रज्ञ बाई होत्या. पर्समध्ये पेचकस बाळगत, म्हणून त्यांना सगळे पेचकसबाई म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी, फुंकरीशिवाय, दोष सांगितला होता. संगणक जागा होताना एकदाच हजेरी घेतो. त्या वेळी पेटी बंद असली तर आठही कार्डे गैरहजर लागतात, आणि पेटी मागाहून चालू केली तरी तो पुन्हा विचारत नाही. म्हणून पेटी आधी, संगणक नंतर. काखेत कळसा नि गावाला वळसा, असेही त्या म्हणाल्या. हे वाक्य इतिवृत्तातून वगळले आहे.

अडचण परिपत्रकाची होती. ‘सकाळी सव्वादहाला साहेब स्वहस्ते संगणकाचे बटण दाबतील, तोपर्यंत प्रयोगशाळेतील कोणतेही यंत्र चालू करू नये.’ शिस्त लागावी म्हणून तपासणीच्या आदल्याच दिवशी मीच ते लिहिले होते. भाषा चांगली उतरली आहे.

“साहेब, फक्त पेटी आधी लावायची. बस, एवढंच,” बाई म्हणाल्या.

“माझ्या आधी?”

“तुमच्या नाही हो, कंप्युटरच्या.”

“आणि कंप्युटर कोण लावतं?”

“तुम्ही.”

“मग?”

“मग पेटीचं बटणही तुम्हीच दाबा ना!”

पेटीचे बटण मागच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंचीवर आहे. ते दाबायला वाकावे लागते. साहेबांच्या पदाच्या कर्तव्यसूचीत वाकणे नाही (वरच्या कार्यालयात गेल्यावर ते वाकतात, पण ते ऐच्छिक आहे).

बाईंचा आवाज चढला. “पलीकडे दवाखाना आहे, साहेब. माझ्या सासूबाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. पूल उघडला की त्या तिथूनच जाणार.”

“वजन किती त्यांचं?”

“बेचाळीस किलो.”

“मग त्या पुलाला काय होतंय!” साहेब म्हणाले. मी लिहून घेतले : सासूबाईंचे वजन विचारात घेता पुलास धोका संभवत नाही.

विसाव्या दिवशी साहेब दाढ काढायला गेले. बाईंनी पावणेदहाला पेटी लावली, मग संगणक. आठही कार्डे एका ओळीत हजर झाली. दुपारी बाईंनी कागद माझ्या टेबलावर ठेवला. पुलाच्या मधल्या गाळ्याला चार मिलिमीटर हलायची मुभा होती, तो अकरा हलत होता. आकडा मी दोनदा वाचला, हे मी मान्य करतो. मी खिडकीतून पुलाकडे पाहिले, मग परिपत्रकाकडे पाहिले. परिपत्रक जास्त जवळ होते.

दुसऱ्या दिवशी समितीने निर्णय दिला. परवानगीवाचून हजर झालेल्या कार्डांनी सांगितलेला आकडा नियमबाह्य आहे. असा प्रकार पुन्हा घडू नये म्हणून आठही कार्डे काढून कपाटात कुलूपबंद करावीत. बाईंनी लेखनसामग्री मोजावी. निर्णय अमलात आला आणि तेव्हापासून संगणकाच्या निकालात एकदाही तफावत आलेली नाही.

अंतिम चाचणीत रेघ इतकी सरळ आली, की संस्थेच्या इतिहासात तशी दुसऱ्या कुठल्या पुलाची आलेली नाही. तिच्यावर लाल अक्षरे होती खरी, पण अहवालाच्या छपाईत लाल शाईची तरतूद नाही, आणि जे छापता येत नाही ते जोडता येत नाही. शेरा दिला : कंपन आढळले नाही. यात खोटे काय आहे?

पूल उघडला. पेचकसबाई सासूबाईंना जुन्या रस्त्याने, दोन किलोमीटरचा फेरा घालून दवाखान्यात नेतात. मीही कामावर त्याच रस्त्याने येतो (चालणे प्रकृतीला चांगले). वाटेत भेट होते. सासूबाई माझी विचारपूस करतात, बाई दुसरीकडे बघतात. मला त्याचे वाईट वाटते, पण ते कुठे नोंदवायचे हे ठरलेले नाही.

तो पूल कुठला, असे आपण विचाराल. रोज सकाळी आपण ज्यावरून जाता तोच. मध्यावर आल्यावर पायाखाली जरासे काही हलते. आपण कठड्याला हात लावता, पुढच्या माणसाकडे पाहता. तो चालत असतो, म्हणून आपणही चालू लागता. तपासला असेल की कोणीतरी, असे मनाशी म्हणता. बरोबर आहे. तपासला आहे, खाली सही माझी आहे. त्यानंतर हरकती मागवणारा फलक आम्ही तीस दिवस लावला होता, त्याच कठड्यावर, आपण हात लावता तिथे. हरकती आल्या शून्य. आम्ही त्यांचीही रेघ काढून पाहिली. अगदी सरळ आली.