मन्मथअप्पांचं आमंत्रण

"त्या म्हाताऱ्याला जुनंच कार्ड देऊन टाकू," काका आतल्या खोलीत म्हणाले.

मी स्वयंपाकघरात लाडवांचे डबे पुसत होते. बाबा काहीतरी पुटपुटले, ते ऐकू आलं नाही. काकांचं सगळं ऐकू येतं.

"अरे, जाईल की इथल्या हॉलवर संध्याकाळी सहाला. कुलूप बघंल, परत येईल. तोवर लोह्याला आपली पंगत उठलेली असंल. कोणाचं काय नुकसान?"

ताईचं लग्न आधी इथेच, लातूरच्या एका मंगल कार्यालयात ठरलं होतं. संध्याकाळचा मुहूर्त, कार्डंही छापून आली. मग कार्यालयाच्या मालकाने हात वर केले. बोअर आटला, टँकरचा भरवसा नाही, म्हणाला. म्हणून लग्न दोन तासांवरच्या लोह्याला हलवलं. तिथे नवऱ्याकडच्यांच्या ओळखीचं कार्यालय होतं, त्याच्या विहिरीला अजून पाणी होतं. मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. सगळ्यांना फोन करून कळवलं. मन्मथअप्पांकडे फोन नाही.

"देणार कोण पण? मी गेलो तर तासभर सोडायचा नाही," बाबा म्हणाले.

"धाकटीला पाठव. बोलायचं काहीच नाही, नुसतं कार्ड हातात द्यायचं. न बोलणं तर तिला चांगलं जमतं."

दोघंही हसले. मला राग आला. पण खरं सांगते, तेव्हा काकांपेक्षा जास्त राग अप्पांचाच आला. हा माणूस चारचौघांसारखा वागला असता तर ही वेळ कशाला आली असती?

अप्पा आमच्या समोरच राहतात, एकटे. उदगीरला त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. ते बंद करून लातूरला आले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खांद्यावर कापडी पिशवी, आणि पिशवीत स्वतःचं स्टीलचं ताट. लग्न कुणाचंही असो, अप्पा आपल्या ताटात जेवतात. जेवण झालं की त्यात घोटभर पाणी ओततात, बोटाने ताट गोल पुसून घेतात आणि ते पाणी पिऊन टाकतात. आम्हा लिंगायतांची ही जुनी रीत आहे. अन्न म्हणजे प्रसाद, त्याचा कण वाया जाऊ द्यायचा नाही. माझ्या बाबांनी ती कधीच सोडली. मी इंग्लिश मीडियमची, मला ती कुणी शिकवलीही नाही. अप्पा ते पाणी प्यायला लागले की मी दुसरीकडे बघायचे.

एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण प्यायल्यावर अप्पा उठतात आणि उष्ट्या पत्रावळी टाकायच्या टोपल्यापाशी जाऊन उभे राहतात.

"ओ पाव्हणे! पुरी कुणासाठी ठिवली?"

"फेकायची हाय, अप्पा."

"फेकायचं म्हंजी कुठं? दुनियेच्या भायेर?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या दुष्काळाच्या वर्षी सगळ्या लग्नांत थर्माकोलची ताटं होती. भांडी घासायला पाणी कुठंय, असं म्हटलं की कुणाला पुढे काही बोलता यायचं नाही. अप्पांना यायचं. "चाटून-पुसून खा. घोटभर पाण्यात धुऊन पी. मग राखंनं घासायला कितीसं पाणी लागतंय रे? आता हे थर्माकोल तुझ्या नातवाच्या नातवाच्या लग्नात बी असंच पडलेलं असंल."

मागच्या वर्षी एका लग्नात तर त्यांनी कहर केला. काकांनी मोठ्या अभिमानाने एका माजी सभापतींना जेवायला आणलं होतं. सभापती स्टेजवर फोटोला उभे. अप्पा टोपल्यातून त्यांचं ताट घेऊन थेट वर गेले. त्यात दोन अख्खे गुलाबजाम होते. "साहेब, हे इसरलं तुमचं." फोटोवाल्याने नेमका तेव्हाच फ्लॅश मारला. त्या फोटोत सभापतींच्या हातात ताट आहे, काकांचं तोंड उघडं आहे आणि अप्पा सभ्यपणे कॅमेऱ्याकडे बघतायत.

घरीसुद्धा त्यांच्यापासून सुटका नव्हती. एका जुन्या पत्र्याच्या ट्रंकेला आतून काळा रंग देऊन आणि झाकणाला कपाटाचा आरसा ठोकून त्यांनी सूर्यचूल केली होती. तिच्यात त्यांचं वरण दोन तासांत शिजायचं आणि त्या आरशाचं ऊन बरोबर माझ्या अभ्यासाच्या टेबलावर पडायचं. परीक्षेच्या दिवसांत मी पडदा ओढून बसायचे, तर खालून हाक यायची, "यव्वा! ऊन सरकलं का बग गं, जरा पेटी फिरीव!" उदगीरकडच्या माणसांच्या तोंडात असे कानडी शब्द असतात. यव्वा म्हणजे पोरी, बाई, माझी माय, सगळंच. मी मुकाट्याने खाली जाऊन त्यांची ट्रंक फिरवायचे. नाही म्हणायचं ते कधी तोंडातून निघालंच नाही.

आमच्याकडे पाणी शुद्ध करायची मशीन बसवली, तेव्हा बाहेर जाणाऱ्या नळीखाली अप्पांनीच आणून बादली ठेवली. "एक तांब्या देतीय अन् तीन तांबे थुकतीय ही तुमची मशीन. लातुरात ऱ्हाऊन असली मशीन? लाज कशी वाटंना?" रोज सकाळी ती बादली त्यांच्या दारात पोचवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मला हे सगळं अन्यायाचं वाटायचं. शाळेत पाणी वाचवण्यावरच्या पोस्टरला मला पहिलं बक्षीस मिळालं होतं. ते पोस्टर मी थर्माकोलवर केलं होतं, हे मात्र अप्पांना कधी सांगितलं नाही.

त्या उन्हाळ्यात उदगीर जिल्हा होणार अशी हवा होती. कॉलनीतल्या एकाने हौसेने त्यांना पेढा दिला. अप्पांनी पेढा खाल्ला आणि भडकले. "लातूर बी असंच नवा जिल्हा झालतं. तवा मी सोता पेढे वाटले हुते. कलेक्टर आला, कचेऱ्या आल्या, शिकवण्या आल्या. पाणी आलं का? आता रेल्वेनं यायलंय! उद्या उदगीरला कलेक्टर येईल, त्याच्या आंघोळीला टँकर लागंल. खा पेढे!"

तर अशा माणसाकडे मी जुनं कार्ड घेऊन गेले. रस्ता ओलांडताना मनात उजळणी केली. कार्ड द्यायचं, नमस्कार करायचा, परत यायचं. एकही शब्द खोटा बोलायचा नाही. शब्दच बोलायचा नाही.

अप्पा अंगणात बनियनवर बसून राखेने तवा घासत होते. माझ्या हातातलं कार्ड दिसलं तसे उठले. "थांब, थांब. असं घ्यायचं नसतंय." आत गेले. सदरा घालून आले, टोपी घालून आले. हात पुसले. मग दोन्ही हातांनी कार्ड घेतलं, कपाळाला लावलं आणि कोनाड्यातल्या महादेवापुढे ठेवलं. उघडून बघितलंसुद्धा नाही.

"बस यव्वा."

मी बसले.

"दोन वरसं झाली बग," ते म्हणाले. "घरी येऊन कुणी आवतन दिलं न्हाई. मीच जातो आपला, कुठं मांडव दिसला की. लोक समजतेत म्हातारा खायला येतंय."

त्यांनी कोनाड्यातलं कार्ड सरळ करून ठेवलं.

"कळतंय मला. लई बोलतो मी. तो गुलाबजाम तेवढा व्हायला नको हुता. काकाचा तुझ्या चेहरा कसा झालता!" ते हसले आणि मग हसायचे थांबले. "ह्या लग्नात न्हाई बोलायचो. तोंडाला कुलूप. काकाला सांग, म्हणावं अप्पा टोपल्याकडं फिरकनार बी न्हाई. कोपऱ्यात बसून जेवतो अन् येतो."

मला वाटलं, आता उठावं. उठलेही. तर ते म्हणाले, "इकडं ये, दावतो तुला," आणि मला मागच्या मोरीपाशी घेऊन गेले. तिथे एक निळा ड्रम होता. त्याच्या तोंडावर धुतलेलं धोतर ताणून बांधलं होतं, वर झाकण, झाकणावर पाटा. त्यांनी ते सगळं एकेक करून काढलं. आत काठोकाठ स्वच्छ पाणी होतं.

"टँकर आला की दोन-दोन घागरी टाकायलोय. तुमच्या मशीनच्या बादलीवर माझं भागतंय. हे ताईच्या न्हाणाला. हळदीच्या दिवशी नवरीला काय मगभर पाण्यात न्हाऊ घालता व्हय? केस भिजले पाह्यजेत लेकराचे. सकाळी दोन माणसं पाठवा, उचलायला. आन् वता भरपूर. सांडलं तर सांडू द्या."

मी त्या पाण्याकडे बघत होते. आमच्या घरात पाण्याच्या तीनशे छोट्या बाटल्यांचे खोके रचून ठेवले होते आणि काकांची गाडी त्याच सकाळी धुऊन झाली होती. ताई कशाने न्हाणार, हे मात्र आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं. मलाही नाही. आयुष्यात एवढा राग मला कधी आला नव्हता, आणि या वेळी तो अप्पांवर नव्हता.

अप्पा पुन्हा धोतर बांधत होते. गाठ नीट बसत नव्हती. त्यांनी मान वर न करता विचारलं, "सहाचाच हाय न्हवं मुहूर्त? शेजारचा मागं म्हणत हुता."

न बोलणं मला चांगलं जमतं. हो म्हणून मान हलवली असती तरी पुरलं असतं.

"अप्पा, ते कार्ड जुनं आहे," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की ते दचकले. "मुद्दाम दिलंय. लग्न लोह्याला आहे, दुपारी बारा पस्तीसला. आपल्या दारातून सकाळी सात वाजता गाडी निघते, तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. आणि तिथे गप्प बसू नका."