पाठीवरचा धावदोरा

"कोट दोन, आणि दोरे एकाच कोटाचे?" बायकोने खिळ्याकडे बघत विचारलं, आणि मास्तरांच्या तोंडाजवळ गेलेला चहाचा कप तिथेच थांबला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कोट शिवणारे. फौजदारी कोर्टासमोरच्या गल्लीत त्यांचं दुकान. कोर्ट आता तिथे नव्हतं. शहर राज्याची राजधानी झालं, अंगाने सुटलं, आणि कोर्ट उठून पार शहराबाहेरच्या नव्या इमारतीत गेलं. दुकान मात्र जागचं हललं नाही आणि जुने वकीलही मास्तरांना सोडून गेले नाहीत. मास्तरांना वकिलांचे चेहरे नीट आठवत नसत, पाठी आठवत. समोरून आलेल्या वकिलाला ते ओळख देत नसत. तो पुढे निघून गेला की मागून हाक मारत. "पाठ बघून माणूस सांगतो मी," हे त्यांचं एक वाक्य. "माझ्या हातून चूक झालेली दाखवा," हे दुसरं. दोन्ही वाक्यं बायकोने इतक्यांदा ऐकली होती की काजं करता करता ती नुसत्या ओठांनी साथ देई.

दुकानाची एक रीत होती. कोट पुरा झाला की त्याचे कच्चे टाके, म्हणजे तो पांढरा धावदोरा, उसवायचा आणि निघालेले दोरे खिळ्याला अडकवायचे. कोट दुकानाबाहेर पडला की मग ते केरात. आता दोन कोट बाहेर पडले होते. एक सरकारी वकीलबाईंचा, तो काल संध्याकाळी त्यांचा कारकून घेऊन गेला. दुसरा मास्तरांच्या लेकीचा, तो ती आज सकाळी अंगात घालून गेली. दोघींचं माप एकच, बाह्या तेवढ्या बोटभर कमीजास्त. "लेकीला सरकारी वकिलाची पाठ आहे," असं मास्तरांनी गल्लीत एकालाही सांगायचं सोडलं नव्हतं. आणि खिळ्यावर दोरे होते एकाच कोटाचे.

"म्हणजे एक कोट टाक्यांसकट गेला," बायको म्हणाली.

"ठमीचा," मास्तर म्हणाले.

"वकीलबाईंचा कशावरून नाही?"

"गिऱ्हाइकाच्या कामात माझ्या हातून चूक झालेली दाखव. घरचं काम म्हटलं की हात सैल पडतो. ठमीचाच."

ठमी म्हणजे लेक. सनदेवर तिचं भारदस्त नाव होतं, पण घरात ठमी. आज ती पहिल्यांदा एकटी कोर्टापुढे उभी राहणार होती. एका नव्या टॉवरमध्ये चोरी झाली होती आणि लिफ्ट दुरुस्त करणारा एक गरीब माणूस संशयावरून आत होता. कॅमेऱ्यात फक्त पाठ दिसत होती, निळ्या कपड्यांतली. वॉचमनने ती बघून सांगितलं, हाच तो. आज जामीन झाला नाही तर त्या माणसाची नोकरी जाणार होती. हे सगळं ठमीने रात्रीच्या जेवणावर सांगितलं होतं आणि शेवटी हेही सांगितलं होतं, "बाबा, तुम्ही यायचं नाही. तुम्ही आलात की कोर्टाच्या पायरीपासून सगळ्यांना सांगत सुटाल."

मास्तरांनी शब्द दिला होता. पण शब्द दिला तेव्हा लेक कोटाच्या मागच्या फटीवर कच्च्या टाक्याची ही मोठी पांढरी फुली घेऊन न्यायाधीशांपुढे उभी राहणार आहे, हे त्यांना कुठे ठाऊक होतं?

"फोन लावा तिला," बायको म्हणाली.

"कोर्टात बंद ठेवते ती. मीच जातो. मागच्या मागे टाका काढतो आणि मागच्या मागे परत येतो. तिला कळणारसुद्धा नाही."

"तुम्ही जाणार आणि कुणाला कळणार नाही," बायको म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

मास्तर निघाले ते गळ्यात टेप आणि खिशात बोटाएवढी कात्री तशीच घेऊन. बसमध्ये शेजारी बसलेल्या आजोबांनी विचारलं, "कोर्टात का?"

"लेकीची केस आहे," मास्तर छाती काढून म्हणाले.

"अरेरे. पहिलीच का?"

"पहिलीच."

"मग सोडतील. पहिल्या वेळेला सांभाळून घेतात."

मास्तरांना हे कौतुकच वाटलं. त्यांनी आजोबांना ठमीच्या शिक्षणाचा सगळा इतिहास ऐकवला. एवढी शिकलेली मुलगी या मार्गाला कशी लागली म्हणून आजोबांनी खिडकीकडे तोंड करून सुस्कारा सोडला.

नवं कोर्ट बघून मास्तरांची मान दुखली. दारात तपासणीची एक कमान होती, ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला बघून ओरडत होती, म्हणून तिच्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं. मास्तरांनाही ती ओरडली. पहारेकऱ्याने त्यांच्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं.

"पडद्यांची मापं घ्यायला का? किती दिवस वाट बघतायत साहेब. जा, जा. फौजदारी तिसऱ्या मजल्यावर."

मास्तर खोटं बोलले नाहीत. ते काहीच बोलले नाहीत. गेल्या दहा वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं असेल.

तिसऱ्या मजल्यावर सगळे दरवाजे सारखे आणि आत सगळे कोट काळे. दुसरा कुणी असता तर गांगरला असता. मास्तरांना उलट माहेरी आल्यासारखं झालं. प्रत्येक दारातून ते पाठी बघत चालले. हा खांदा आपला नाही, ही कॉलर उतरलीय, हा भाड्याचा दिसतो. चौथ्या दारात ते थबकले. समोर न्यायाधीश काहीतरी वाचत होते आणि टेबलापाशी एक काळी पाठ मान खाली घालून कागद चाळत उभी होती. खांदे सरळ, कंबर चापून, आणि खाली फटीवर पांढरी फुली. मास्तरांचा ऊर भरून आला. उभं राहायची ढबसुद्धा अगदी बापाची.

ते ओणवे होऊन बाकांमधून पुढे गेले, मागे गुडघ्यावर बसले, डाव्या हाताच्या चिमटीत दोरा धरला आणि कात्री लावली. अर्धी फुली निघाली. तेवढ्यात कोट हलला, पाठ वळली, आणि पाठीच्या पुढच्या बाजूला सरकारी वकीलबाई निघाल्या.

बाईंना पायाशी बसलेला माणूस दिसला आणि त्याच्या हातातली कात्री दिसली. त्या किंचाळल्या नाहीत. फौजदारीत मुरलेल्या होत्या. त्यांनी हातातली फाईल मास्तरांच्या डोक्यात घातली आणि मग शांतपणे म्हणाल्या, "साहेब, माझ्यावर मागून हल्ला झालेला आहे."

पुढचं फार भराभर झालं. एका हवालदाराने मास्तरांचं बखोट धरलं, दुसऱ्याने कात्री काढून घेतली आणि ती पाकिटात घालून पाकीट चिकटवूनही टाकलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कोण आहात आपण?"

मास्तरांनी तोंड उघडलं आणि त्याच वेळी त्यांना ठमी दिसली. ती खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, आरोपींच्या बाकाशी, निळ्या कपड्यांतल्या एका माणसाशी बोलता बोलता तशीच गोठली होती. तिच्या कोटावर एकही दोरा नव्हता. मास्तरांनी तोंड मिटलं.

"इथे का आलात?"

"असाच, साहेब."

"कात्री घेऊन असाच? इथे तुमचं कुणी आहे का?"

आयुष्यभर ज्या प्रश्नाच्या उत्तराची त्यांनी तयारी केली होती, तो प्रश्न एकदाचा आला होता, तोही भर कोर्टात. आज तिचा पहिला दिवस. कात्रीवाल्याची लेक म्हणून तो सुरू व्हायला नको.

"कुणी नाही, साहेब."

"वकील?"

"नाही."

"आहे, साहेब," मागून आवाज आला. ठमी बाकांमधून चालत पुढे आली. चेहरा लाल झाला होता, पण चालण्यात घाई नव्हती. "यांच्या वतीने मी उभी आहे."

"तुमच्याकडे यांचा वकालतनामा आहे?"

"वकालतनामा नाही, साहेब, जन्मदाखला आहे. हे माझे वडील आहेत."

कोर्टात कुजबुज झाली. मास्तरांना आपलं बखोट कुणी धरलंय याचा विसर पडला.

"आरोप हल्ल्याचा आहे," ठमी म्हणाली. "उजव्या हातातली कात्री जप्त झाली, पण डाव्या हाताकडे कुणी पाहिलेलं नाही. बाबा, हात वर करा." मास्तरांनी हात वर केला. चिमटीत पांढरा दोरा तसाच होता. "आता माझी सरकारी वकीलबाईंना विनंती आहे, त्यांनी कोटाची मागची फट एकदा बघावी."

बाईंनी नाइलाजाने कोट काढला आणि पाहिला. उरलेली अर्धी फुली दिसताच त्यांचा चेहरा उतरला.

"हा घालून मी सकाळी मुख्य न्यायाधीशांपुढे उभी होते," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी कॉलरच्या आतली पट्टी वाचली, आणि पहिल्यांदाच मास्तरांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "मास्तर, तुम्ही?"

"चेहऱ्याने ओळखलं नाही, बाई. आणि पाठीने..." मास्तर थांबले. पुढचं वाक्य त्यांना आयुष्यात कधी म्हणावं लागलं नव्हतं. "पाठीने चुकलो. मला वाटलं, ठमी आहे."

न्यायाधीशांनी रुमालाने चष्मा पुसला. ती हसू लपवायची त्यांची ठरलेली रीत असावी. "हल्ला दिसत नाही. उशिरा झालेलं काम दिसतंय," ते म्हणाले. "अर्धं राहिलंय ते पुरं करा. हवालदार, कात्री द्या त्यांना."

"पाकीट बंद झालं, साहेब," हवालदार म्हणाला. "आता फोडायचं तर लेखी हुकूम लागेल."

"दातांनी तोडतो, साहेब," मास्तर म्हणाले.

"माझा कोट दातांनी?" बाई म्हणाल्या.

"आजवर तुमच्या सगळ्या कोटांचे दोरे दातांनीच तोडलेत, बाई. नुसतं तुमच्यासमोर तोडले नाहीत."

न्यायालयाच्या परवानगीने, भर दुपारी, मास्तरांनी सरकारी पक्षाचा दोरा दातांनी तोडला. बाईंनी कोट अंगात घातला, खांदे झटकले आणि पुढच्या जामिनाला असा काही विरोध केला की मास्तरांना आपल्याच शिवणीचा राग आला. नव्या टॉवरमध्ये चोऱ्या वाढल्या आहेत, राजधानीत माणसं बिनधास्त झोपायला हवीत, वॉचमन रोज या माणसाला बघत होता, त्याने ओळखलं आहे. बाई बसल्या तेव्हा निळ्या कपड्यांतल्या माणसाची मान पार खाली गेली होती. मागच्या बाकावर बसलेल्या मास्तरांचीही. आपण ठमीचं डोकं उठवलं, आता तिला काय सुचणार, एवढंच त्यांच्या मनात होतं.

ठमी उठली. तिने समोरचे कागद उचलले, पाहिले आणि परत खाली ठेवले.

"साहेब, वॉचमनने कॅमेऱ्यात चेहरा पाहिला नाही, पाठ पाहिली. मागच्या बाकावर एक गृहस्थ बसले आहेत. पाठी ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मला ते माझ्या जन्मापासून ओळखतात. आज दिसलेला कोट त्यांनी स्वतः कापला, स्वतः शिवला. ते सरकारी पक्षाच्या विद्वान वकिलांपासून हातभर अंतरावर होते, उजेड भरपूर होता, आणि तरीही त्यांनी चुकीच्या माणसाला कात्री लावली. ही चूक आपण सगळ्यांनी आत्ता पाहिली आहे. मग वॉचमनने पडद्यावर पाहिलेल्या निळ्या पाठीवर एखाद्याला किती दिवस आत ठेवायचं?"

न्यायाधीशांनी सरकारी वकीलबाईंकडे पाहिलं. बाई उठल्या, काहीतरी बोलायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं, हात आपोआप मागे फटीवर गेला, आणि त्या खाली बसल्या. जामीन झाला.

बाहेर व्हरांड्यात ठमी मास्तरांपुढे येऊन उभी राहिली. ती रागावणार याची मास्तरांना खात्री होती.

"कुणी नाही म्हणालात तुमचं," ती म्हणाली.

"म्हटलं, तुझं नुकसान नको."

"बाबा, वर्षभर बसमध्ये, बाजारात, गल्लीत सांगत सुटलात, आणि जिथे मला हवं होतं तिथेच गप्प बसलात." असं म्हणून तिने त्यांच्या गळ्यातला वाकडा झालेला टेप सरळ केला. मास्तरांनी तिच्या कोटाची बाही उगाच झटकली.

परतीच्या बसमध्ये त्यांनी शेजारच्या माणसाला सांगितलं. उतरल्यावर कोपऱ्यावरच्या न्हाव्याला सांगितलं. दुकानात पाऊल टाकलं तेव्हा बायको काजं करत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

"मग? कुणाच्या कोटात होता दोरा?"

"गिऱ्हाइकाच्या," मास्तर म्हणाले आणि ऐटीत खुर्चीवर बसले. "माझी चूक झाली. साधीसुधी नाही, भर कोर्टात झाली. न्यायाधीशांनी मान्य केली. सरकारी वकिलांनासुद्धा ती खोडता आली नाही."

बायकोची सुई थांबली. हे वाक्य तिच्या ओठांना पाठ नव्हतं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. मास्तरांनी पुन्हा सांगितलं.