सर्व्हरची हजेरी

काकड्या गुरुजींनी रविनाला पंधरा दिवसांचा वायदा दिला होता. त्यातले नऊ दिवस संपले आणि दहाव्या दिवशी, ज्या संकेतस्थळावर उत्तर येणार होतं, त्यानं आपलं ते दालन कायमचं बंद केलं.

वायदा खेकड्याचा होता. झरी गावात गुरुजींच्या ओट्यावर रोज सकाळ-संध्याकाळ सात-आठ पोरं अभ्यासाला जमत. त्यातल्या सहावीतल्या रविनानं एकदा विचारलं, "गुरुजी, खेकडा तिरका का चालतो? सरळ चालायला त्याला कोण अडवतो?" गुरुजींना उत्तर माहीत नव्हतं. बत्तीस वर्षं मास्तरकी करूनही "मला माहीत नाही" म्हणायला त्यांना जड जात नसे. त्यांच्या मते शिकवण्याचा पहिला धडा तोच. दुसरा धडा, माहीत असणाऱ्याला विचारणं.

विचारायची त्यांची जागाही ठरलेली होती. तिला न्यूजग्रुप म्हणतात. गुरुजी पोरांना सांगत, "हा सगळ्या जगाचा एकच फळा. कुणी प्रश्न लिहायचा, कुणी त्याच्याखाली उत्तर लिहायचं. फोटो नाही, व्हिडिओ नाही, अंगठे दाखवणं नाही." वीस वर्षं ते एका संकेतस्थळावरून हा फळा वाचत आले होते आणि खेकड्याचा प्रश्नही त्यांनी तिथंच लिहिला होता. जगानं तो फळा केव्हाच सोडला होता, पण गुरुजींना कुणी तसं कळवलं नव्हतं.

"फोनला विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं त्यानं," रविना म्हणाली.

"तू विचारलंस ना?"

"तीनदा. तीन वेळा येगळंच सांगितलं."

"मग? माणसाला विचारलं म्हणजे चुकलं तर कान कुणाचा धरायचा ते तरी कळतं."

पण आता ते दालनच बंद झालं. गुरुजी तलासरीला नितीनच्या दुकानात गेले. नितीन त्यांचाच विद्यार्थी. ऑनलाइन फॉर्म भरणं, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सगळं एकाच टेबलावर करायचा.

"गुरुजी, तो फळा बंद नाय झाला," नितीन सगळं शोधून म्हणाला. "तुमची खिडकी बंद झाली. आता थेट सर्व्हर गाठायला लागेल. पैसेवाले भरपूर आहेत."

"फुकट?"

"फुकटवाले चार सापडतात. पण गुरुजी, फुकटचा सर्व्हर म्हणजे फुकटचा जावई. घरी असेल तेव्हा असेल."

नितीननं चारही पत्ते कागदावर लिहून दिले. कुठला भरवशाचा ते मात्र त्याला सांगता येईना. गुरुजींना त्यात अडचण वाटली नाही. कोण भरवशाचा हे ठरवायची एकच रीत त्यांना ठाऊक होती आणि ती त्यांनी बत्तीस वर्षं रोज वापरली होती. घरी येऊन त्यांनी एका जुन्या वहीत रकाने आखले आणि वर लिहिलं, 'हजेरीपट'.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी बरोबर सात वाजता सर्व्हरांची हजेरी सुरू झाली. पत्ते उच्चारता येईनात म्हणून पोरांनी नावं ठेवली. पहिला कधीच उठत नसे, तो कुंभकर्ण. दुसरा जोडला जाई आणि खोकल्यासारखा पाच मिनिटांत तुटे, तो दमेकरी. तिसरा फुकट म्हणायचा आणि आत शिरताच कार्डाचा नंबर मागायचा, तो शेठ. चौथा एका हाकेत जोडला जायचा, पण आत जायचं तर चालवणाऱ्या माणसाकडून परवलीचा शब्द मागवावा लागे. गुरुजींनी मेल पाठवली होती, तिचं उत्तर नव्हतं. दारात उभा राहतो आणि बोलत नाही, म्हणून तो मुका.

"मुका?" गुरुजी आपल्या संगणकाचं बटण दाबून विचारत.

"हजर," पोरं पडद्याकडे बघून ओरडत.

हजेरी कुणालाही दिसावी म्हणून गुरुजी ती ओट्यावरच्या फळ्यावर उतरवत. तिथंच घोळ झाला.

शेजारचा सुक्या रेशनसाठी अंगठा द्यायला तीनदा जाऊन हात हलवत परत आला होता. तिन्ही वेळा एकच निरोप, सर्व्हर डाऊन. फळा बघून तो थबकला.

"गुरुजी, आमच्या रेशनच्या सर्व्हरचा पण नाव घाला ना यात."

"सुक्या, हे वेगळे आहेत रे. हे वाचायचे सर्व्हर."

"पण गैरहजर राहतात ना?"

"राहतात."

"मग एकाच जातीचे. घाला."

शिकू पाहणाऱ्याला पटावर घेत नाही म्हणणं गुरुजींना आयुष्यात जमलं नव्हतं. पाचवं नाव पडलं. रेशनच्या दुकानाची खबर नितीन साडेआठला फोनवर देऊ लागला. मग कुणी सातबाराचा सर्व्हर घातला, कुणी जातीच्या दाखल्याचा, कुणी बँकेचा. आठवड्यात पटावर नऊ नावं झाली. लोक तलासरीला निघायच्या आधी कागदांची पिशवी घेऊन गुरुजींच्या ओट्यावर येत, फळा बघत आणि बहुतेक करून तिथूनच शेतावर जात.

"आपल्या घराची कचेरी केलीत," भिकीबाई म्हणाल्या. त्या गुरुजींच्या पत्नी. आलेल्या प्रत्येकाला चहा त्याच देत होत्या. "आणि पोरीच्या खेकड्याचं काय? पंधरा दिवस होऊन गेले."

ते गुरुजींना टोचतच होतं. रविना विचारायची थांबली होती. मुलानं विचारणं थांबवलं की मास्तरचा जीव घाबरा होतो. तिनं बांधावरचे दोन खेकडे धरून घमेल्यात ठेवले होते आणि अभ्यास सोडून ती तासन्‌तास त्यांच्याकडे बघत बसायची.

अठराव्या दिवशी तालुक्याच्या एका कचेरीतला कारकून मोटारसायकलवरून आला. नाव जीवन. ओट्यावरची माणसं आपापले कागद गोळा करून लांब सरकली.

"गुरुजी, तुमच्या फळ्याचा फोटो फिरतोय ग्रुपवर," जीवन हेल्मेट मांडीवर ठेवून म्हणाला. "आमच्या नावासमोर लागोपाठ सहा गैरहजर. साहेबांपर्यंत गेलं."

"खोटं आहे का?"

"खोटं नाय हो. पण गैरहजर बरं दिसत नाय. रजा लिहा ना."

गुरुजींनी चष्मा पुसला. "रजेचा अर्ज आणलास?"

"सर्व्हरचा अर्ज?"

"अर्जाशिवाय रजा कशी लिहू? माझ्या वर्गात सरपंचाच्या मुलालाही अर्ज लागायचा."

जीवननं हेल्मेट बाजूला ठेवलं. मग त्यानं खिशातलं पेन काढलं आणि रविनाच्या वहीच्या पानावर लिहिलं की, सर्व्हरची प्रकृती ठीक नसल्याने तो सहा दिवस हजर राहू शकला नाही, तरी रजा मंजूर व्हावी. गुरुजींनी कागद उलटापालटा केला.

"पालकाची सही?"

"पालक मंत्रालयात बसतात, गुरुजी."

"मग तुझी चालेल. काका म्हणून कर."

सही झाली. सहा गैरहजर पुसून तिथं सहा रजा लागल्या. निघताना जीवननं फळा पुन्हा वाचला. "हा मुका कोण? अठराच्या अठरा दिवस हजर. कुठल्या खात्याचा?"

"कुठल्याच नाही. परदेशात कुणीतरी आपल्या हौसेनं चालवतो."

"तरीच," जीवन म्हणाला आणि गाडीला किक मारली.

चोविसाव्या दिवशी मुक्यानं तोंड उघडलं. सकाळी मेल आली. इंग्रजी सोपं होतं. गुरुजींनी पोरांना पुढ्यात बसवलं आणि एकेक ओळ मराठीत सांगत वाचली.

'महाशय, उशिराबद्दल क्षमा करा. मी म्हातारा आहे, टपाल महिन्यातून एकदा बघतो. सोबत तुमचा परवलीचा शब्द आहे. एक सांगायचं आहे. माझ्या सर्व्हरवर वर्षभर कुणी फिरकलं नव्हतं. या महिन्याच्या एक तारखेला मी तो बंद करणार होतो. त्याच दिवशी नोंदवहीत दिसलं की भारतातून कुणीतरी दार वाजवून गेलं. दुसऱ्या दिवशी त्याच मिनिटाला पुन्हा. मग रोज. इतक्या नियमानं येणाऱ्या माणसाच्या तोंडावर दार लावणं मला बरं वाटेना. म्हणून चालू ठेवला आहे. सध्या तुम्ही एकटेच आहात.'

गुरुजी वाचायचे थांबले. नोकरीची शेवटची सहा वर्षं त्यांनी डोंगरापलीकडच्या पाड्यावर काढली होती. पटसंख्या तीन. पट कमी म्हणून शाळा बंद करायचा कागद दरवर्षी येई आणि तीन पोरं रोज हजर आहेत असं लिहून गुरुजी तो दरवर्षी परत पाठवत. त्या कागदातल्या पोरांच्या जागी आपण कधी असू असं त्यांना वाटलं नव्हतं.

"म्हणजे आपण त्याची हजेरी घेत नव्हतो," रविना सावकाश म्हणाली. "तोच आपली घेत होता."

गुरुजींनी परवलीचा शब्द घातला. फळा उघडला. खेकड्याचा प्रश्न तिथंच होता आणि त्याच्याखाली एकही उत्तर नव्हतं. गुरुजींनी रविनाकडे बघायचं टाळलं.

"माझा वायदा चुकला, पोरी."

"नाय चुकला," रविना घमेलं पुढं ओढत म्हणाली. "ह्याचे गुडघे बघा. आपले पुढंमागं वाकतात, ह्याचे बाजूला वाकतात. मग जाईल कुठं? बाजूलाच. दोन्ही खेकड्यांचं तसंच. तुम्ही सांगाल म्हणून मी थांबली होती."

"मग लिही," गुरुजींनी खुर्ची तिच्याकडे सरकवली. "प्रश्न तुझा, उत्तरही तुझं."

ते उत्तर लिहून जायला तासभर लागला. सगळ्या जगाच्या फळ्यावर त्या दिवशी तेवढीच एक नोंद होती.

तेवढ्यात भिकीबाई पिशवी भरून दारात आल्या. कैनाड गावी त्यांच्या लेकीच्या, भारतीच्या, बाळाचं बारसं होतं. "दोन दिवस राहायचं ठरलंय. उठा."

"दोन दिवस? आणि सात वाजता?"

"चाळीस वर्षं मी हेच ऐकते. आधी शाळा होती. आता परदेशातला म्हातारा."

"मी गेलो नाही तर तो बंद करील, भिकी."

"दुसऱ्याला अर्ज करायला लावता ना? मग तुम्ही करा."

बोलणं बिनतोड होतं. गुरुजी पुन्हा खुर्चीवर बसले आणि मुक्याला रीतसर अर्ज लिहिला. नातवाचं बारसं असल्याने दोन दिवस गैरहजर राहीन, रजा मंजूर व्हावी, बदली म्हणून माझी विद्यार्थिनी रविना ठीक सात वाजता बटण दाबेल.

एका परवलीच्या शब्दाला चोवीस दिवस लावणाऱ्या म्हाताऱ्याचं उत्तर भिकीबाईंच्या पायात चपला सरकायच्या आत आलं.

'रजा मंजूर. मुलीचं नाव पटावर घेतलं आहे. पटसंख्या दोन.'